आखाडा, गदा आणि गणवेश : विजय चौधरी यांची कारकीर्द आणि खेळाडूच्या रोजीचा प्रश्न

अंगमेहनतीच्या खेळात नाव कमावणाऱ्या खेळाडूची कारकीर्द साधारणपणे त्याने जिंकलेल्या किताबांच्या यादीवरून मोजली जाते. परंतु ही यादी त्या कारकिर्दीचा मधला भाग तेवढा दाखवते. तिच्या आधी दहाएक वर्षांचा असा काळ असतो की ज्यात शेतकऱ्याचा किंवा मजुराचा मुलगा कमाईच्या वयात कमाई न करता केवळ सराव करत असतो, आणि तिच्यानंतर तीस-चाळीस वर्षांचे असे आयुष्य उरते की ज्यात शरीराने साथ सोडलेली असते पण संसार चालवायचा असतो. या दोन्ही काळांचा खर्च कोण उचलतो, या प्रश्नाचे उत्तर ज्या समाजाने जसे दिले तसा त्या समाजातला खेळ घडत गेला. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्याच्या सायगाव बगळी या गावातून निघून सलग तीन वेळा ‘महाराष्ट्र केसरी’ झालेले आणि पुढे पोलीस दलात अधिकारी म्हणून रुजू झालेले पहिलवान विजय चौधरी यांची कारकीर्द या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी अत्यंत उपयुक्त आहे, कारण गावची कुस्त्यांची दंगल, शहरातील तालीम, राज्याचा किताब आणि शासनाची नोकरी हे चारही टप्पे तिच्यात एकामागून एक स्पष्ट दिसतात.

बुडालेल्या मजुरीचा प्रश्न

खेळाडूच्या रोजीचा हा प्रश्न केवळ खानदेशाचा नाही. आधुनिक जगात तो उघडपणे मांडला गेला तो इंग्लंडच्या उत्तर भागातील गिरण्या आणि कोळशाच्या खाणी असलेल्या गावांत, आणि त्यातूनच ‘रग्बी लीग’ हा स्वतंत्र खेळ जन्माला आला. रग्बी म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या फळीतून वाट काढत धावण्याचा आणि धावणाऱ्याला अंगावर घेऊन खाली पाडण्याचा खेळ होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लँकाशायर आणि यॉर्कशायर या परगण्यांत तो कामगारांचा आवडता खेळ बनला होता. पण खेळाच्या मध्यवर्ती संघटनेवर सुखवस्तू वर्गाचे वर्चस्व होते आणि खेळाडूने एक पैसाही घेता कामा नये, असा तिचा दंडक होता. ज्याच्या घरी उत्पन्नाची चिंता नाही त्याला हा दंडक पाळणे सोपे होते. शनिवारचे काम सोडून सामन्याला जाणाऱ्या खाणकामगाराची मात्र त्या दिवसाची मजुरी बुडत असे, आणि ती भरून देण्याची मागणी यॉर्कशायरच्या प्रतिनिधींनी १८९३ मध्ये मांडली असता बहुमताने फेटाळण्यात आली.

याचा परिणाम म्हणून २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांच्या प्रतिनिधींनी मूळ संघटनेतून बाहेर पडून ‘नॉर्दर्न युनियन’ स्थापन केली, आणि बुडालेल्या मजुरीपोटी खेळाडूला दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई देण्याचे मान्य केले. पुढे १८९८ मध्ये खेळण्याबद्दल उघडपणे मोबदला देण्यास परवानगी मिळाली, परंतु तीही अशा अटीवर की खेळाडूजवळ दुसरा प्रामाणिक रोजगार असला पाहिजे. १९०६ मध्ये एका संघातील खेळाडूंची संख्या पंधरावरून तेरावर आणली गेली, १९२२ मध्ये संघटनेने ‘रग्बी फुटबॉल लीग’ हे नाव स्वीकारले, आणि अशा रीतीने मजुरीच्या वादातून निघालेली वाट एका वेगळ्या खेळापर्यंत येऊन पोहोचली. मूळ रग्बी खेळात व्यावसायिकतेला मान्यता मिळाली ती १९९५ मध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी. आणि रग्बी लीगमध्येही १९९६ साली ‘सुपर लीग’ सुरू होईपर्यंत बहुसंख्य खेळाडू आठवडाभर दुसरे काम करून संध्याकाळी सराव करणारे होते.

या पद्धतीत खेळाडूच्या निवृत्तीचाही काही विचार होता. एकाच क्लबकडे दीर्घकाळ, साधारणपणे दहा वर्षे, खेळलेल्या खेळाडूसाठी त्याच्या गौरवाचे वर्ष जाहीर करून सामने व कार्यक्रम भरवायचे आणि त्यांतून जमणारी रक्कम त्याला द्यायची, ही प्रथा तेथे रूढ झाली. लीड्समध्ये जन्मलेले, पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातील इक्रम बट हे १९९५ मध्ये इंग्लंडच्या रग्बी लीग संघातून खेळले. इंग्लंडकडून रग्बी खेळणारे ते पहिले आशियाई वंशाचे खेळाडू ठरले, आणि मैदान सोडल्यावर त्यांनी ब्रिटनमधील आशियाई मुलांना या खेळाकडे आणण्यासाठी संस्था उभारली. माजी व्यावसायिक खेळाडूचा दुसरा डाव समाजाच्या किती उपयोगी पडू शकतो, हे त्यांच्या उदाहरणावरून कळते. तथापि अशी उदाहरणे वाढावयाची असतील तर पहिल्या डावाच्या अखेरीस खेळाडूच्या पायाखाली जमीन शिल्लक असावी लागते.

कापसाच्या प्रदेशातील कुस्ती

ज्या लँकाशायरच्या गिरण्यांभोवती हा खेळ वाढला, त्या गिरण्यांचा आणि खानदेशाचा संबंध कापसाच्या मार्गाने जुळलेला होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसाला प्रचंड मागणी आली. त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग खानदेशातून भुसावळच्या दिशेने गेला आणि तापी-गिरणा खोऱ्यातील काळ्या जमिनीचा कापूस गाठी बांधून बाहेर जाऊ लागला. पुढे जळगाव, अमळनेर, धुळे आणि चाळीसगाव येथे कापडगिरण्या निघाल्या, त्यांच्यासाठी खेड्यांतून कामगार शहरांत आले, आणि पाळी संपल्यावर घाम गाळण्याची हौस व्यायामशाळांत भागू लागली.

मात्र कुस्तीच्या बाबतीत खानदेशाची स्थिती दक्षिण महाराष्ट्रापेक्षा वेगळी होती. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना थेट राजाश्रय दिला, तालमी बांधल्या आणि खासबागेचे मोठे कुस्ती मैदान उभारले. त्यामुळे पहिलवानाच्या खुराकाचा आणि निवासाचा भार दरबाराने उचलण्याची परंपरा तेथे निर्माण झाली. खानदेश १८१८ पासूनच इंग्रजांच्या थेट अमलाखाली गेला असल्यामुळे असा आश्रय देणारे मोठे संस्थान येथे नव्हते. येथील कुस्ती उभी राहिली ती ग्रामदैवताच्या यात्रेवर, गावकऱ्यांच्या लोकवर्गणीवर आणि हौशी व्यापारी-शेतकऱ्यांनी लावलेल्या इनामांवर. हा आधार राजाश्रयाइतका भरभक्कम नव्हता, पण तो जास्त पसरलेला होता, कारण त्यासाठी एका राजाची मर्जी लागत नव्हती. गाव तेथे यात्रा आणि यात्रा तेथे कुस्त्यांची दंगल, एवढे त्याला पुरेसे होते.

खानदेशात ‘दंगल’ म्हणजे यात्रेच्या किंवा उरुसाच्या दुसऱ्या दिवशी भरणारा कुस्त्यांचा फड होय. धुळ्याची एकवीरा देवीची चैत्रातील यात्रा, अमळनेरची संत सखाराम महाराजांची वैशाखातील यात्रा, चाळीसगावचा पीर मुसा कादरी बाबांचा उरूस अशा मोठ्या यात्रांपासून ते तालुक्यातील लहानसहान गावांच्या यात्रोत्सवांपर्यंत हा क्रम हिवाळ्यात सुरू होतो आणि पेरणीच्या तयारीपर्यंत चालतो, कारण शेतीची कामे हलकी झाल्याशिवाय पहिलवानाला आणि प्रेक्षकाला सवड नसते. दंगलीची रचना ठरलेली असते. आधी लहान मुलांच्या कुस्त्या होतात, ज्यांचे इनाम नाममात्र असते; मग वाढत्या इनामाच्या जोडी लावल्या जातात, म्हणजे वजन, वय आणि नाव पाहून पंच दोन मल्लांची गाठ ठरवतात; आणि सर्वांत शेवटी मानाची कुस्ती होते, जिच्यासाठी बाहेरगावचे नामांकित मल्ल बोलावलेले असतात. आठ-दहा वर्षांचा मुलगा पहिल्या गटात उतरतो आणि वर्षागणिक एकेक पायरी चढत शेवटच्या कुस्तीपर्यंत पोहोचतो, ही या व्यवस्थेतील शिक्षणाची पद्धत आहे. तिला अभ्यासक्रम नाही, पण परीक्षा भरपूर आहेत आणि त्या सर्व लोकांसमोर द्याव्या लागतात.

या व्यवस्थेची मर्यादा अशी की तिच्यातील कमाई हंगामी आणि अनिश्चित असते, तर पहिलवानाचा खर्च बारमाही असतो. पहाटे उठून हजारांच्या हिशेबात जोर आणि बैठका काढायच्या, सकाळ-संध्याकाळ लढतीचा सराव करायचा, आणि हे सोसण्यासाठी दूध, तूप, अंडी, मटण, बदाम व खसखस घातलेली थंडाई असा खुराक रोज घ्यायचा, हा दिनक्रम सुटीच्या दिवशीही चुकत नाही. जिरायती शेतीवर चालणाऱ्या घरातला एक कमावता हात शेतातून काढून घेणे आणि शिवाय त्याच्या ताटात घरातील इतरांपेक्षा कितीतरी जास्त वाढणे, हा निर्णय संपूर्ण कुटुंबाचा असतो. आईबहिणींनी आपल्या वाट्याचे दूध-तूप मागे ठेवून उचललेला हा भार कोणत्याही निकालपत्रकात नोंदला जात नाही, परंतु प्रत्येक पहिलवानाच्या कारकिर्दीतील तीच पहिली आणि सर्वांत मोठी गुंतवणूक असते.

माती आणि गादी

विजय चौधरी यांच्या पिढीतील मल्लांना एकाच वेळी दोन प्रकारच्या कुस्तीत पारंगत व्हावे लागले, आणि हा भेद समजून घेतल्याशिवाय त्यांच्या यशाचे मोल कळणार नाही. पारंपरिक कुस्ती मातीवर होते. आखाड्यातील लाल माती चाळून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असे पदार्थ मिसळतात, त्यामुळे ती मऊ राहते आणि खरचटलेल्या अंगाला त्रास कमी होतो. या कुस्तीत गुणांचा हिशेब नसतो. प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे जमिनीला टेकवून त्याला चीतपट केले की निकाल लागतो, आणि तोपर्यंत झुंज लांबली तरी चालते. म्हणून मातीतील मल्ल सुरुवातीला खडाखडी करतो, म्हणजे हाताला हात आणि मानेला हात लावून समोरच्याची ताकद अजमावतो, दम राखतो, आणि संधी मिळताच ढाक, घिस्सा, कलाजंग, मोळी, एकलंगी यांसारखा एखादा निर्णायक डाव टाकतो.

गादीवरची कुस्ती आंतरराष्ट्रीय नियमांनी चालते. गादी म्हणजे रबरी पदार्थाची जाड चटई, जिच्यावर पाय घट्ट रोवता येतो आणि हालचाल मातीपेक्षा बरीच वेगवान होते. २०१३ मध्ये बदललेल्या नियमांनुसार लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती मिळते आणि दोन्ही फेऱ्यांचे गुण एकत्र धरले जातात. प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा मिळवल्यास दोन गुण, धोक्याच्या स्थितीत फेकल्यास चार किंवा त्याहून अधिक गुण मिळतात, आणि मुक्त शैलीत दहा गुणांची आघाडी झाली की लढत तेथेच संपते. जो मल्ल नुसता बचाव करत राहतो त्याला निष्क्रियतेची ताकीद मिळते आणि त्याची किंमत गुणांत मोजावी लागते. साहजिकच मातीत दम राखण्याची जी सवय गुण ठरते, तीच गादीवर दोष ठरू शकते, आणि दंगलीत वाढलेल्या मुलाला श्वासाची, पावलांची आणि विचाराची लय नव्याने बसवावी लागते.

‘महाराष्ट्र केसरी’ ही स्पर्धा या दोन्ही परंपरांना एकत्र आणते. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये स्थापन झालेली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद राज्यभरातील मल्लांचे अधिवेशन भरवू लागली, आणि १९६१ मध्ये औरंगाबाद येथे झालेल्या स्पर्धेपासून ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब दिला जाऊ लागला. पहिले मानकरी होते दिनकर दह्यारी. त्यानंतरच्याच वर्षी, १९६२ मध्ये, ही स्पर्धा धुळ्यात भरली आणि भगवान मोरे यांनी ती जिंकली, तर १९६६ मध्ये जळगावला तिचे यजमानपद लाभले आणि दीनानाथसिंह विजयी झाले. म्हणजे किताबाच्या अगदी बालपणातच खानदेशाने दोनदा राज्यभरातील मल्लांना आपल्या मातीत उतरवले होते. आजच्या पद्धतीनुसार सर्वांत वरच्या वजनगटातील मल्लांच्या माती विभागात आणि गादी विभागात स्वतंत्र लढती होतात, दोन्ही विभागांचे विजेते अंतिम लढतीत समोरासमोर येतात, आणि जिंकणाऱ्याला मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ चांदीची गदा दिली जाते.

सलग तीन गदा

कुस्तीची परंपरा असलेल्या घरात वाढलेल्या विजय चौधरी यांनी गावाकडच्या तालमीनंतर पुण्याची वाट धरली, आणि ही वाट खानदेशातील महत्त्वाकांक्षी मल्लासाठी जवळजवळ अपरिहार्य आहे. पुणे आणि कोल्हापूर येथे एका तालमीत दहा-वीस तोडीचे जोडीदार मिळतात, अनुभवी वस्ताद मिळतात, गादीचा नियमित सराव मिळतो आणि मोठ्या मैदानांच्या संयोजकांच्या नजरेत राहता येते. वरच्या वजनगटातील मल्लाला तर आपल्याइतक्याच वजनाचा आणि ताकदीचा जोडीदार रोज मिळणे ही सरावाची पहिली अट असते, कारण शंभर किलोंहून अधिक वजनाचा प्रतिस्पर्धी उचलण्याचा सराव कोणत्याही यंत्रावर पूर्ण होत नाही.

२०१४ मध्ये अहमदनगर येथे झालेल्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत विजय चौधरी यांनी सचिन येलभर यांचा पराभव करून पहिली गदा मिळवली. त्याआधीची तीन वर्षे, म्हणजे २०११, २०१२ आणि २०१३ मध्ये, नरसिंग यादव यांनी सलग किताब जिंकून असा विक्रम केला होता की जो त्यापूर्वी कोणालाच साधला नव्हता. गणपतराव खेडकर, चंबा मुतनाळ, दादू चौगुले, लक्ष्मण वडार यांच्यासारखे नामवंत मल्ल दोन किताबांपर्यंत पोहोचले होते आणि तिसरा किताब सर्वांच्या आवाक्याबाहेर राहिला होता. अशा विक्रमाच्या पाठोपाठ येणाऱ्या विजेत्याकडे लोक सहसा एका वर्षाचा मानकरी म्हणून पाहतात. परंतु २०१५ सालची स्पर्धा नागपूर येथे झाली तेव्हा चौधरी यांनी अंतिम लढतीत विक्रांत जाधव यांना हरवून गदा आपल्याकडे राखली, आणि २०१६ मध्ये पुण्यातील वारजे येथे अभिजित कटके या तरुण मल्लावर विजय मिळवून सलग तिसऱ्यांदा किताब जिंकला. ते ‘ट्रिपल महाराष्ट्र केसरी’ ठरलेले दुसरे मल्ल होत.

किताब एकदा जिंकण्यापेक्षा तो राखणे का अवघड असते, हे येथे नीट ध्यानात घ्यायला हवे. पहिल्या विजयानंतर मल्लाचा प्रत्येक डाव चित्रफितींतून अभ्यासला जातो, प्रत्येक तालीम त्याच्यावर तोड शोधू लागते, आणि दुसरीकडे यात्रा-जत्रांच्या संयोजकांकडून मोठ्या इनामांची आमंत्रणे येऊ लागतात. आमंत्रणे स्वीकारली तर कमाई होते, पण प्रवास आणि दुखापतींनी सराव मोडतो. नाकारली तर सराव टिकतो, पण हाती पैसा येत नाही. उत्तर इंग्लंडच्या खाणकामगाराला शनिवारी जो पेच पडत असे, तोच वेगळ्या रूपात येथे उभा राहतो, कारण खेळात वर जाण्यासाठी लागणारा वेळ आणि घर चालवण्यासाठी लागणारा वेळ एकाच मनुष्याच्या एकाच दिवसातून काढायचा असतो. तीन वर्षे हा तोल सांभाळून शरीर शाबूत राखणे, हेच चौधरी यांच्या कारकिर्दीतील सर्वांत अभ्यसनीय यश आहे. त्यांच्याकडून हरलेल्या अभिजित कटके यांनी लगेच पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, भूगाव येथे किताब जिंकला, यावरूनही त्या अंतिम लढतीचा दर्जा लक्षात येतो.

गणवेशाचा आधार

पहिलवानाला पोलीस दलात स्थान देण्याची महाराष्ट्रातील परंपरा जुनी आहे, आणि तिचे सर्वांत मोठे नाव खाशाबा जाधव हे आहे. कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५७ किलो वजनगटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. त्यांच्या प्रवासखर्चासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून पैसे उभे केले. १९५५ मध्ये खाशाबा पोलीस उपनिरीक्षक झाले, सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि १९८४ मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले. देशाला पदक मिळवून देणाऱ्या या मल्लाला अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. नोकरीने त्यांचा संसार चालला हे खरे. परंतु त्यांच्या कौशल्याचा आणि कीर्तीचा पूर्ण सन्मान त्यांच्या हयातीत झाला नाही, ही गोष्ट महाराष्ट्राने विसरता कामा नये.

त्यानंतरच्या दशकांत परिस्थिती टप्प्याटप्प्याने बदलली. रेल्वे, बँका, सैन्यदले आणि सार्वजनिक कंपन्या यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, राज्य शासनाने सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण ठेवले, आणि विशेष कामगिरी करणाऱ्यांना थेट अधिकारी पदावर नियुक्त करण्याचा मार्गही खुला झाला. नरसिंग यादव, राहुल आवारे या मल्लांप्रमाणेच विजय चौधरी यांनाही तिसऱ्या विजेतेपदानंतर पोलीस उपअधीक्षक म्हणून नियुक्ती मिळाली. उपअधीक्षक हे पद एरवी राज्य लोकसेवा आयोगाच्या कठीण परीक्षेतून मिळते. त्यामुळे खेळाडूला ते देताना शासन असे मान्य करत असते की वर्षानुवर्षे केलेली साधना, जाहीर पराभव पचवून पुन्हा उभे राहण्याची सवय आणि दडपणाखाली निर्णय घेण्याची क्षमता हीदेखील एक प्रकारची पात्रता आहे.

या नियुक्तीमुळे खेळ संपला नाही, हे चौधरी यांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचे ठरते. पोलीस आणि अग्निशमन दलांतील कर्मचाऱ्यांसाठी १९८५ पासून भरणाऱ्या ‘वर्ल्ड पोलीस अँड फायर गेम्स’ या जागतिक स्पर्धा २०२३ मध्ये कॅनडातील विनिपेग शहरात झाल्या, आणि तेथे त्यांनी १२५ किलो वजनगटात सुवर्णपदक मिळवले. शेवटच्या केसरी किताबानंतर जवळपास सात वर्षांनी, पूर्णवेळ शासकीय जबाबदारी सांभाळत असताना मिळवलेले हे पदक असे सांगते की मासिक वेतनाची शाश्वती मिळाली म्हणजे खेळाडू आळसावतो, ही समजूत निराधार आहे. रोजची भ्रांत मिटली तर चांगला खेळाडू अधिक काळ खेळू शकतो.

खानदेशात उभारायचे काम

एका मल्लाची कारकीर्द इतकी उजळून निघाली म्हणून संपूर्ण व्यवस्था सुधारली, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. केसरी किताब एका स्पर्धेत एकालाच मिळतो, अधिकारीपदाची नियुक्ती त्याहून विरळ असते, आणि दंगलीत नियमित उतरणारे बहुसंख्य मल्ल तिशी ओलांडताच गुडघ्याच्या, खांद्याच्या किंवा मानेच्या दुखण्यासह शेतीकडे वा मिळेल त्या कामाकडे परततात. सराव थांबल्यावरही खुराकाची सवय सुटत नाही, त्यामुळे वजन वाढते आणि रक्तदाब व मधुमेह यांचा धोका निर्माण होतो. ज्याने विशीतली सर्व वर्षे आखाड्याला दिली त्याचे शिक्षण बहुधा अर्धवट राहिलेले असते, म्हणून नोकरीच्या बाजारातही तो मागे पडतो. इंग्लंडमधील रग्बी खेळाडूंनीही निवृत्तीनंतर मेंदूला झालेल्या इजांचे प्रश्न अलीकडच्या वर्षांत न्यायालयापर्यंत नेले आहेत. शरीर झिजवणाऱ्या खेळाची किंमत खेळाडूला उशिरा मोजावी लागते आणि त्या वेळी टाळ्या वाजवणारे कोणी जवळ नसते, हा अनुभव सर्वत्र सारखाच आहे.

यावरचे उपाय आवाक्यातले आहेत. दंगलीवर खर्च होणाऱ्या लोकवर्गणीचा एक ठरावीक भाग गावच्या यात्रा समितीने इनामांऐवजी मुलांच्या विम्यासाठी आणि जखमी मल्लाच्या उपचारासाठी राखून ठेवला, तर परंपरा न मोडता संरक्षण मिळू शकते. तालुक्याच्या ठिकाणी एक चांगली गादी, एक प्रशिक्षित मार्गदर्शक आणि आठवड्यातून एकदा येणारा भौतिकोपचार तज्ज्ञ एवढी सोय झाली, तर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला शाळा सोडून पुण्याला जाण्याची घाई करावी लागणार नाही. तो दहावी-बारावी गावाकडेच पूर्ण करील आणि मगच मोठ्या तालमीचा विचार करील. खेळाडूंना नोकरी देऊन त्यांचा सराव चालू ठेवणारे उद्योग जळगावला अपरिचित नाहीत. जैन इरिगेशनने क्रिकेट, कॅरम, बुद्धिबळ यांसारख्या खेळांतील खेळाडूंना जो आधार दिला, तशाच आधाराची मातीतल्या खेळांनाही गरज आहे. निवृत्त मल्लांना शाळांमध्ये व्यायाम मार्गदर्शक म्हणून मानधनावर नेमणे हा तर सर्वांत सरळ मार्ग आहे, कारण त्यातून एका पिढीला उत्पन्न आणि दुसरीला शिक्षण एकाच वेळी मिळते.

याच विचारात मुलींचाही समावेश झाला पाहिजे. २०२३ मध्ये सांगली येथे पहिली ‘महिला महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी पहिल्या मानकरी ठरल्या; त्यामुळे राज्याच्या सर्वोच्च किताबाचे दार मुलींसाठी उघडले आहे. खानदेशातील शेतकरी कुटुंब आपल्या मुलाच्या खुराकासाठी जो त्याग करते, तोच मुलीसाठी करण्यास तयार व्हावे, यासाठी तिला सरावाची सुरक्षित जागा, स्त्री मार्गदर्शक आणि पुढे नोकरीची खात्री मिळायला हवी. ही खात्री नसेल तर गुणवत्ता घरातच विझून जाते.

विजय चौधरी यांच्या कारकिर्दीकडे पाहताना तीन गदांचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे, आणि चाळीसगाव तालुक्यातील प्रत्येक आखाड्याने तो बाळगावा. परंतु त्या कारकिर्दीतून खानदेशाने घ्यायचा धडा त्याहून मोठा आहे. एका मल्लाच्या मागे कुटुंबाने दूध-तूप राखले, गावाने दंगल भरवली, शहराने तालीम दिली, राज्याने किताब आणि नोकरी दिली, तेव्हा कुठे एक कारकीर्द पूर्ण झाली. या साखळीतील पहिल्या दोन कड्या खानदेशातल्या लोकांनी कोणत्याही राजाश्रयाशिवाय पिढ्यान्‌पिढ्या जपल्या आहेत. उरलेल्या कड्याही धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतच घडवणे, म्हणजेच सराव, शिक्षण, उपचार आणि रोजगार यांची सोय मल्लाच्या गावाजवळ करणे, ही आता लोकप्रतिनिधी, उद्योग, शिक्षणसंस्था आणि यात्रा समित्या यांची सामायिक जबाबदारी आहे. ती पार पडली तर किताब न जिंकणाऱ्या मल्लालाही आखाड्यात घालवलेल्या वर्षांबद्दल पश्चात्ताप करण्याची वेळ येणार नाही, आणि खेळावर प्रेम करणाऱ्या समाजाचे खरे मोजमाप अशाच मल्लाच्या आयुष्यावरून करावयाचे असते.